उन्हावरचं पेरॉक्साइड: एका ‘गळती’ची पार्श्वभूमी

महापे-तुर्भे पट्ट्यात ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) सांभाळणाऱ्यांना हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची ओळख करून द्यायला नको. हायपो 10-12 टक्क्यांचं म्हणून येतं आणि मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलं की दिवसागणिक उतरत जातं. पेरॉक्साइड मागवायचं 50 टक्क्यांचं, डोस मात्र पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत काही भाग. लागेल तेवढंच, जागेवर, उन्हावर बनवायचं म्हटलं तर अर्धवाहकाचा लेप दिलेली काच, म्हणजे फोटोअॅनोड, हा एक मार्ग आहे. तो सापडला तो मात्र हायड्रोजनच्या नादात.

उजेडाने इलेक्ट्रोडमधून प्रवाह वाहतो हे एडमंड बेकरेल यांनी 1839 मध्येच दाखवलं होतं. खरी धावपळ सुरू झाली 1972 नंतर. टोकियोच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश टाकून पाणी हायड्रोजन-ऑक्सिजनमध्ये फोडलं, आणि पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं. पण या पदार्थाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन उठवायला प्रकाशाने द्यावी लागणारी किमान ऊर्जा) 3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे उन्हातला अतिनील भागच तेवढा कामाचा. म्हणून 1976 मध्ये टंगस्टन ट्रायऑक्साइड पुढे आला. त्याचा गॅप साधारण 2.7, निळा प्रकाशही चालतो.

गंमत इथे झाली. टंगस्टन ऑक्साइड आम्लातच टिकतो, म्हणून सल्फ्युरिक आम्ल वापरायचे. प्रवाह छान मिळायचा, पण त्या हिशेबाने ऑक्सिजन निघायचा नाही. त्याच्या होलची (इलेक्ट्रॉन उठल्यावर उरणारी रिकामी जागा, जी समोरच्या पदार्थाचा इलेक्ट्रॉन ओढते) ताकद 3 व्होल्टच्या आसपास. पाण्यातून ऑक्सिजनला 1.23 पुरतात, पण त्यासाठी चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात आणि ते काम रेंगाळतं. तेवढ्यात आम्लातल्या सल्फेटचं परसल्फेट (एक तीव्र ऑक्सिडायझर) होऊन जातं, त्याला 2.01 व्होल्ट लागत असले तरी. मिठाच्या पाण्यात तसंच क्लोरीन, म्हणजे पुढे हायपो. 2012 मध्ये आम्लातल्या या स्पर्धेचा नीट हिशेब मांडला गेला. तोवर बहुतेकांच्या लेखी ही गळतीच होती. आमच्या मते चूक मोजमापाची कमी, अपेक्षेची जास्त: ऑक्सिजन हवेत फुकट आहे, परसल्फेटला पैसे मोजावे लागतात.

पेरॉक्साइडची वाट उघडली बिस्मथ व्हॅनेडेटने. गॅप 2.4, रंगाने हळदीसारखा पिवळा. जपानमधल्या सायामा यांच्या गटाने 2016 मध्ये टंगस्टन ऑक्साइडवर त्याचा थर चढवून काच पोटॅशियम बायकार्बोनेटच्या 2 मोलर द्रावणात (लिटरला 200 ग्रॅम) बुडवली. बायकार्बोनेट आधी पेरॉक्सी रूपात जातं, पाण्याशी मिळून पेरॉक्साइड सोडतं आणि पुन्हा मोकळं होतं. साध्या फॉस्फेटमध्ये हे जवळजवळ होत नाही. कार्बन डायऑक्साइड सोडत राहावा लागतो, नाहीतर पीएच चढतो. भांडं बर्फात ठेवतात. खोलीच्या उष्णतेत, त्यातून आपल्याकडच्या, झालेलं पेरॉक्साइड मोडतं. ते अॅनोडवरच पुन्हा ऑक्सिडाइझ होणं ही दुसरी गळती. त्यावर अॅल्युमिनाचा सच्छिद्र थर हा पुढचा उपाय.

काच करताना सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली तर खालचा टंगस्टन ऑक्साइड बायकार्बोनेटच्या अल्कलीत विरघळतो आणि लेप सुटतो. व्हॅनेडियम जास्त झालं तर ते ऑक्साइड बनून वर बसतं. 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास ठेवून काढतात. भट्टी 450 ते 550 अंश. त्यावर नेली तर साधी काच वाकते. पेरॉक्साइड परमॅंगनेटने मोजायचं असेल तर आधी आम्ल घालून बायकार्बोनेट मारा, आणि तेही थेंबाथेंबाने, नाहीतर फेस फ्लास्कबाहेर. नमुन्यात क्लोराइड असेल तर आयोडोमेट्रीवर (सुटलेल्या आयोडीनवरून मोजण्याची पद्धत) विसंबू नका, ती हायपोही मोजते.

मोठ्या काचेचा प्रश्न वेगळाच. वाहक लेपाचा रोध चौकोनामागे 10 ओहम आणि प्रवाह चौरस सेंटिमीटरला 3 मिलिअँपिअर धरला, तर एकाच कडेला तार जोडलेल्या 10 सेंटिमीटर पट्टीत दूरच्या टोकापर्यंत 1.5 व्होल्ट खाल्ले जातात. 1 सेंटिमीटरच्या तुकड्यात तेच 0.015. प्रयोगशाळेतले आकडे छतावर जाताना इथे अडतात. चांदीच्या रेषा ओढाव्या लागतात, आणि त्या द्रावणापासून झाकाव्याही लागतात.

एवढं सगळं जमलं तरी चौरस मीटरला 30 अँपिअर, म्हणजे तासाला जास्तीत जास्त 19 ग्रॅम पेरॉक्साइड. निम्मं हाती लागलं आणि दिवसाचे पाच तास कडक ऊन धरलं, तर 50 टक्क्यांच्या 30 किलोच्या एका कॅनइतका माल जमायला तीनशेहून जास्त दिवस लागतील, तेही पावसाळा वगळून. भिवंडीच्या कापडाच्या ब्लीचिंगला हे पुरणार नाही; पीपीएममधल्या डोसाला मात्र काही चौरस मीटर काच कामाची आहे.