शंका घेणाऱ्यांची दोन घराणी

इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडर तक्षशिलेला पोहोचला. त्याच्या भारत-मोहिमेत ग्रीक तत्त्वचिंतनातील दोन वेगळ्या प्रवाहांची माणसे होती. ओनेसिक्रिटस हा सिनोपेच्या डायोजेनिसचा शिष्य होता आणि पुढे त्याने अलेक्झांडरच्या जहाजाचे सुकाणू सांभाळले. एलिसचा पिऱ्हो हा अॅनक्सार्कस या तत्त्वज्ञाच्या सोबतीने आला होता. पहिला सिनिक परंपरेतला, तर दुसऱ्याच्या नावाने पुढे संशयवादाची एक परंपरा ओळखली जाऊ लागली. आज कशावरच आणि कुणावरच विश्वास न उरलेल्या माणसाला आपण कधी सिनिकल म्हणतो, कधी संशयी म्हणतो आणि दोहोंत फारसा फरक करत नाही. मूळ परंपरा पाहिल्या, तर या दोघांपैकी कुणालाही हे वर्णन लागू पडत नाही. ही मनोवृत्ती त्यांच्या नावावर कशी जमा झाली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

तक्षशिलेचा प्रसंग ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने ओनेसिक्रिटसच्या आधाराने सांगितला आहे. शहरापासून २० स्टेडिया, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर १५ नग्न तपस्वी वेगवेगळ्या आसनांत रणरणत्या उन्हात स्थिर होते. त्यांपैकी कॅलनस दगडांवर पहुडला होता. ज्ञान हवे असेल तर कपडे उतरवून याच दगडांवर येऊन पड, असे त्याने भेटीला आलेल्या ओनेसिक्रिटसला सुनावले. मंडनिस या वडीलधाऱ्या तपस्व्याने मात्र कॅलनसची कानउघाडणी केली आणि ग्रीकांकडे असे काही शिकवले जाते का, याची आस्थेने चौकशी केली. ओनेसिक्रिटसने पायथागोरस, सॉक्रेटिस आणि आपला गुरू डायोजेनिस यांची नावे घेतली. त्यावर मंडनिस म्हणाला की, ही माणसे एरवी शहाणी दिसतात, पण निसर्गापेक्षा रूढीला अधिक मानण्याची एक चूक त्यांनी केली आहे. रूढी झुगारून निसर्गानुसार जगणे हाच तर सिनिकांचा आग्रह होता, आणि त्याच कसोटीवर त्यांना कमी ठरवणारा माणूस त्यांच्या शिष्याला इथे भेटला. ओनेसिक्रिटसने आपल्या पदरचे किती मिसळले असेल, हा प्रश्न अभ्यासकांनी योग्यच विचारला आहे. तरीही सिनिकांना स्वतःच्या मतातले मर्म काय वाटत होते, हे या वृत्तान्तातून स्पष्ट दिसते.

सिनिक परंपरेचा उगम सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनीस याच्याकडे नेला जातो, पण तिला चेहरा दिला तो डायोजेनिसने. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे शहरात नाणी विद्रूप केल्याच्या प्रकरणातून त्याला परागंदा व्हावे लागले, अशी परंपरागत माहिती आहे. अथेन्समध्ये तो मोठ्या मातीच्या रांजणात राहत असे. लहान मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने जवळचा पेला फेकून दिला, ही आणि अशा अनेक कथा आपल्याला डायोजेनिस लाएर्शिअसने सांगितल्या आहेत. हा चरित्रकार त्याच्यानंतर पाच शतकांहून अधिक काळाने झाला, त्यामुळे त्यातली एकेक कथा ऐतिहासिक सत्य म्हणून घेता येत नाही. सगळ्या कथांचा रोख मात्र एकच आहे. संपत्ती, कुळ, मानमरातब यांची किंमत समाजाने ठरवलेली आहे, निसर्गाने नाही, आणि सद्गुणाने जगणारा माणूस यांपैकी काहीही नसताना सुखी असतो. थीब्जच्या क्रेटीसने याच विश्वासाने आपली मालमत्ता सोडली, आणि मारोनियाच्या हिपार्कियाने सुखवस्तू घर सोडून त्याच्याशी विवाह करून तेच खडतर जीवन पत्करले. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो हा या क्रेटीसचाच शिष्य होता. सिनिकांनी जेवढे नाकारले, ते एका गोष्टीवरील अढळ निष्ठेपोटी नाकारले, आणि त्या निष्ठेची किंमत स्वतःच्या अंगावर घेतली.

संशयवाद्यांची वाट निराळी होती. पिऱ्होने स्वतः काही लिहिले नाही. त्याचे विचार शिष्य टिमॉनच्या त्रुटित लेखनातून कळतात. पुढे प्लेटोच्या अकादमीनेच आर्केसिलेअसच्या नेतृत्वाखाली संशयवादाचा स्वीकार केला. याच परंपरेतला कार्निअडीस इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सच्या शिष्टमंडळातून रोमला गेला. तिथे त्याने एके दिवशी न्यायाच्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी न्यायाच्या विरोधात भाषण केले, असे सांगितले जाते. तरुण रोमन श्रोते भारावून गेले. ज्येष्ठ केटो या रोमन मुत्सद्द्याने मात्र या तत्त्वज्ञांचे काम लवकर उरकून त्यांना परत पाठवण्याचा आग्रह धरला.

एवढ्यावरून कार्निअडीस शब्दांचे खेळ करणारा वाटेल, पण त्याचे खरे मोल निश्चित ज्ञान नसताना माणसाने निर्णय कसा घ्यावा, या प्रश्नाच्या त्याने दिलेल्या उत्तरात आहे. पुढच्या काळातील संशयवादी लेखक सेक्स्टस एम्पिरिकसने त्याचे एक उदाहरण नोंदवले आहे. अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या माणसाला वेटोळे घातलेला दोर दिसतो, तो साप समजून उडी मारून पलीकडे जातो. मग मागे वळून पाहतो, तर ती वस्तू हलत नाही, म्हणून तो साप नसावा असे त्याला वाटू लागते. पण थंडीने गारठलेला सापही हलत नाही, हे आठवून तो काठीने ढोसून पाहतो आणि मगच तो साप नसल्याचे मान्य करतो. वेदान्तातील रज्जुसर्पाच्या दृष्टान्तावर वाढलेल्या मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. शांकरवेदान्तात तो दृष्टान्त जग आणि ब्रह्म यांचा संबंध उलगडण्यासाठी येतो. इथे भर आहे तो पडताळणीच्या पायऱ्यांवर : पहिला समज, दुसरी नजर, मग काठी. पूर्ण खात्री कधीच मिळणार नसली, तरी सगळे समज सारख्याच योग्यतेचे ठरत नाहीत.

सेक्स्टस हा इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास झालेला वैद्य होता. पिऱ्होवादाच्या रूपरेषेवरील आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्याने शोध घेणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य सापडले म्हणणारे, ते सापडणे शक्यच नाही म्हणणारे, आणि शोध चालू ठेवणारे. खरा संशयवादी तो तिसऱ्या गटात मोजतो. म्हणजे "खरे काय ते कधीच कळणार नाही" हे विधानही त्याच्या लेखी संशयवाद नव्हे. शोध संपल्याची ती घोषणाच आहे. हा भेद मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच सर्वांत लवकर विसरला गेला.

सिनिकांच्या नावाची घसरण तर प्राचीन काळातच सुरू झाली होती. रोमन साम्राज्यात झोळी, काठी आणि जाडाभरडा अंगरखा घेऊन फिरणाऱ्या भोंदूंची उपहासलेखक ल्युशनने दुसऱ्या शतकात झाडाझडती घेतली. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियनने आपल्या काळातील सिनिकांना डायोजेनिसच्या आदर्शाची आठवण करून दिली. आधुनिक युरोपात या शब्दाने प्रत्येक कृतीमागे स्वार्थच पाहणारा माणूस सूचित होऊ लागला. १९८३ मध्ये जर्मन विचारवंत पीटर स्लोटरडाइक याने या आधुनिक वृत्तीवर विस्तृत ग्रंथ लिहिला. व्यवस्था खोटी आहे हे पक्के ठाऊक असूनही तिच्यातच निमूट वावरणारा माणूस त्याने त्यात रेखाटला. डायोजेनिसने घर सोडले. हा माणूस नोकरी सोडत नाही, फक्त तिच्यावरचा विश्वास सोडतो.

संशयवादाला मात्र नवे आयुष्य मिळाले. १५६२ मध्ये फ्रेंच मुद्रक आंरी एतिएनने सेक्स्टसच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद छापला. फ्रेंच निबंधकार मॉन्तेनने त्याची वचने आपल्या ग्रंथालयाच्या तुळयांवर लिहून घेतली. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये शंकेचाच उपयोग करून निःशंक ज्ञानाचा पाया शोधला, तर स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकात संयत संशयाची बाजू मांडली. १९४२ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने संघटित संशय हे विज्ञानाच्या नीतिमूल्यांपैकी एक मानले, म्हणजे काठीने ढोसून पाहण्याचे काम आता एका माणसाचे न राहता साऱ्या समुदायाचे झाले.

याच प्रतिष्ठेचा गैरवापर विसाव्या शतकात पद्धतशीरपणे झाला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दिसू लागल्यावर अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी १९५४ मध्ये वर्तमानपत्रांत निवेदन देऊन या निष्कर्षांवर शंका उपस्थित केली आणि आपण संशोधनाला मदत करू, असे आश्वासन दिले. १९६९ मधील एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर शंका हेच आपले उत्पादन असल्याचे स्पष्ट लिहिले होते. "अजून संशोधन हवे" हे वाक्य सेक्स्टसच्या तोंडी शोभले असते. इथे ते उत्तर हाती येऊनही मान्य न करण्यासाठी वापरले गेले. सामान्य वाचकाला प्रत्येक आरोग्यविषयक इशाऱ्यापुढे तितकाच वजनदार दिसणारा प्रतिवाद ऐकू येत राहिला, तर तज्ज्ञही विकले गेले आहेत, असे त्याला वाटू लागणे साहजिक आहे. प्राचीन ग्रीकांनी वेगळ्या ठेवलेल्या दोन वृत्ती अशा मार्गाने आज एकाच थकलेल्या अविश्वासात मिसळतात. अमेरिकेतील संघीय न्यायालयाने २००६ मध्ये या कंपन्यांना जनतेची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरवले आणि दुरुस्तीची निवेदने प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. अपिलांमुळे ती निवेदने वर्तमानपत्रांत छापून यायला २०१७ साल उजाडले.