टोफूतलं पाणी

गेल्या कार्तिकीला माझ्या थोरल्या भावाने आळंदीला जाऊन तुळशीची माळ घातली. आदल्या रविवारपर्यंत ज्याच्या घरी मटणाचा रस्सा चुकला नव्हता, न्याहारीला अंड्याची भुर्जी ठरलेली होती, त्या माणसाने एका दिवसात सगळं सोडलं. आठवड्याने वहिनीचा फोन आला, "वन्सं, डाळ-उसळीला कंटाळलेत हे. बोलत नाहीत, पण ताटावरून लवकर उठतात."

मी मोठ्या उत्साहाने टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या वडीची, दोन पाकिटं घेऊन गेले. पनीरसारखे चौकोनी तुकडे केले आणि उकळत्या रश्शात सोडले. दादाने एक तुकडा खाल्ला, बाकीचे ताटाच्या कडेला सारले आणि भाकरी नुसत्या रश्शाशी संपवली.

चूक माझी होती. आपल्याकडे टोफू 'सोया पनीर' या नावाने विकला जातो आणि त्या नावानेच अर्धा घोटाळा होतो. पनीरमध्ये शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम किंवा त्याहून जास्त स्निग्धांश असतो, त्यामुळे ते नुसतं खाल्लं तरी जिभेला गोड लागतं. टोफूत स्निग्धांश पाच ते नऊ ग्रॅमच्या आसपास. शिवाय पनीरमध्ये पाणी निम्म्याच्या थोडं वर, तर घट्ट टोफूत ७० ते ८० टक्के आणि मऊ टोफूत त्याहूनही जास्त. टोफू म्हणजे प्रथिनांच्या जाळ्यात अडकवलेलं पाणीच म्हणा ना. हे पाणी कसं काढायचं, कुठे ठेवायचं आणि त्याच्या जागी काय भरायचं, एवढं कळलं की टोफू स्वस्तात आणि चविष्ट जमतो. नव्याने शाकाहारी झालेल्या माणसाला तर तो फार मोठा आधार आहे.

आधी पाणी काढण्याचं बघू. टोफूची वडी पंचात गुंडाळायची, पोळपाटावर ठेवायची आणि वर पाण्याने भरलेला तांब्या किंवा वरवंटा ठेवायचा. अर्ध्या तासात पंचा चिंब होतो. घाई असेल तर याहून सोपी युक्ती आहे. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर मीठ घालून उकळायचं, गॅस बंद करायचा आणि त्यात टोफूचे तुकडे दहा-पंधरा मिनिटं सोडायचे. पाणी काढायला पाण्यातच टाकायचं, हे ऐकायला उलटं वाटतं. पण उष्णतेने प्रथिनांचं जाळं आवळतं आणि आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. बाहेर काढल्यावर तुकड्याचा पृष्ठभाग गरम असल्यामुळे लवकर सुकतो, आणि मीठही थोडं आत मुरलेलं असतं.

पृष्ठभाग कोरडा का हवा? जोवर तुकड्यावर पाणी आहे, तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. आणि पदार्थ खरपूस होण्याची क्रिया नीट वेग घेते ती १४० अंशांच्या पुढे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर तापून एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून शेकडो नवे वास आणि चवी तयार होतात. भाकरीवरचे डाग, खरपूस भाजलेलं खोबरं, तव्यावरचं मटण, सगळीकडे तीच किमया. मी रश्शात सोडलेल्या टोफूच्या वाट्याला ती आलीच नव्हती.

म्हणून टोफू आधी परतायचा. बिडाचा तवा चांगला तापू द्यायचा, दोन चमचे तेल घालायचं, तुकडे अंतराअंतरावर मांडायचे आणि मग हात आवरायचा. तुकडा तव्याला धरला तर ओढू नका. खालची बाजू लालसर झाली की तो आपसूक सुटतो. वरून तांदळाची पिठी भुरभुरली तर ती उरलंसुरलं पाणी शोषून घेते आणि कुरकुरीत पापुद्रा धरते. कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. आगळ (कोकमाचा आंबट रस), हळद, तिखट, मीठ लावून वर रवा-तांदळाची पिठी थापून जशी माशाची तुकडी तळतात, तशीच टोफूची पातळ कापं तळायची.

कापं पातळ हवीत, यालाही कारण आहे. टोफू रात्रभर मसाल्यात मुरवून ठेवला तरी मसाल्याचा बराचसा स्वाद वरच राहतो. मीठ हळूहळू आत शिरतं, पण मसाल्यांचे वास बहुतेक तेलात विरघळणारे, आणि टोफूच्या पाण्याने भरलेल्या जाळ्यात तेल शिरत नाही. तेव्हा जाड वडी तासन् तास मुरवण्यापेक्षा पातळ कापं करा, किंवा हाताने ओबडधोबड तोडा. तोडलेल्या तुकड्याला खाचाखोचा जास्त, म्हणजे मसाला धरायला जागा जास्त.

आणि रश्शाचं काय? रश्शासाठी टोफू गोठवायचा. माझ्या मते नवख्या माणसाने सगळ्यात आधी हेच शिकावं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाचे स्फटिक जाळ्यात वाढत जातात, प्रथिनं स्फटिकांच्या मधल्या फटींत दाटीने ढकलली जातात आणि तिथे एकमेकांना घट्ट चिकटतात. बर्फ वितळला की त्याच्या जागी पोकळ्या उरतात आणि भोवती चिवट भिंती. मऊसूत वडीचा स्पंज होतो. जपानमध्ये कोया पर्वतावरच्या बौद्ध मठांशी जोडला गेलेला 'कोया-दोफू' याच तत्त्वावर बनतो: टोफू गोठवायचा आणि मग वाळवायचा. मांस न खाणाऱ्या भिक्षूंच्या जेवणात त्याला मानाचं स्थान आहे.

आपल्याला एवढंच करायचं: पाकीट रात्रभर फ्रीझरमध्ये टाकायचं. सकाळी वडी पिवळट दिसेल, घाबरू नका. गरम पाण्यात सोडून मऊ झाली की दोन तळव्यांमध्ये धरून पिळायची, वाटीभर पाणी निघतं. आता तिचे तुकडे कांदा-खोबऱ्याच्या वाटणाच्या रश्शात मंद आंचेवर पंधरा मिनिटं शिजू दिले की पोकळ्यांमध्ये रस्सा भरतो. पुढच्या रविवारी मी असा रस्सा केला. दादाने तुकडा दातांनी तोडला, थांबला, आणि तुटलेल्या कडेला दिसणाऱ्या छिद्रांकडे पाहत म्हणाला, "हे त्या दिवशीचंच आहे?" मग वाटी पुढे केली.

न्याहारीच्या भुर्जीला मात्र गोठवलेला टोफू नको, साधा हाताने कुस्करलेला बरा. कांदा, मिरची, हळद, टोमॅटो नेहमीसारखंच. फक्त साध्या मिठातला निम्मा भाग काळ्या मिठाचा घ्या आणि तो गॅस बंद केल्यावर घाला. काळ्या मिठात गंधकाची संयुगं असतात, आणि उकडलेल्या अंड्याला येणारा वासही गंधकाच्याच संयुगांचा. ती उडून जाणारी असतात, आधी घातली तर भुर्जीत काही राहत नाही. दादाला ही भुर्जी इतकी आवडली की पहिल्या दिवशी त्याने वहिनीला दोनदा विचारलं, यात अंडं नाही ना?

आता खर्चाचं. पाकिटातला टोफू शहरातही स्वस्त नाही आणि तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. पण सोयाबीन? लातूर, धाराशिव, वाशीमकडे पावसाळ्यात नजर जाईल तिथवर तेच. २०२५-२६च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे शेतकऱ्याला किलोमागे त्रेपन्न रुपये, तेही मिळाले तर. त्या दाण्यात ३५ ते ४० टक्के प्रथिनं असतात. एवढं मोलाचं पीक, आणि त्याचं बहुतेक तेल निघतं नि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन रोजच्या जेवणात आणून पाहिलं होतं, आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात त्यावर लिहिलंही होतं. ज्या विदर्भ-मराठवाड्यात आज ते पिकतं, तिथल्याच ताटात ते इतकं कमी दिसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरी करायचं तर पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजत घाला. दाणे खाण्याचेच घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते चुकूनही वापरू नका. सकाळी साल चोळून काढा आणि दाणे दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाका. सोयाबीनचा तो हिरवट, कच्चा वास दाण्यात मुळात नसतोच. दाणा पाण्यात वाटला जाताना लायपॉक्सिजनेज नावाचं विकर (एन्झाइम) आणि तेल एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि क्षणात तो वास तयार होतो. गरम पाण्याने विकर निकामी होतं. म्हणून वाटतानाही गरम पाणीच घालायचं, मात्र मिक्सरचं भांडं अर्धंच भरा, वाफेने झाकण उडतं. दाणे फार वेळ उकळू नका, नाहीतर प्रथिनं आतच आवळून बसतात आणि दूध कमी निघतं.

सगळं मिळून दोन-सव्वादोन लिटर पाणी लागतं. पंचातून गाळून दूध मंद आंचेवर पंधरा मिनिटं उकळा. ही पायरी गाळू नका: कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते या उकळीने बऱ्याच अंशी नष्ट होतात. दूध साबणासारखं फेसाळतं आणि बघता बघता उतू जातं, तेव्हा पातेलं मोठं घ्या.

उकळल्याने प्रथिनांच्या घड्या उलगडतात, पण प्रत्येकावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ती एकमेकांपासून लांब राहतात. आम्ल घातलं की हा भार नाहीसा होतो आणि ती जवळ येऊन धरतात. चीनमध्ये आम्लाऐवजी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट वापरतात, आणि जपानमध्ये मिठागरात मीठ काढून उरणाऱ्या कडू पाण्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड. कॅल्शियम, मॅग्नेशियम ही प्रथिनांमध्ये पूल बांधतात, वडी जास्त मऊ आणि सलग होते. घरी लिंबू पुरे. दूध किंचित निवलं की दोन-तीन लिंबांचा रस कपभर पाण्यात मिसळून तीन वेळा थोडा थोडा घाला, हलकेच एकदा फिरवा आणि झाकून ठेवा. दहा मिनिटांनी वर पिवळसर निवळ पाणी दिसायला हवं. ते अजून दुधाळ असेल तर आणखी चमचाभर रस. मग पंचात ओतून अर्धा तास दाबायचं. साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम टोफू होतो. पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवला आणि पाणी रोज बदललं की तीन-चार दिवस टिकतो.

सोयाबीनने पोट फुगतं, ही तक्रार खरी आहे. त्याला कारण रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा, ज्या आपल्याला पचत नाहीत. त्या पाण्यात विरघळतात, म्हणून भिजवणीच्या आणि निवळ पाण्याबरोबर बऱ्याचशा निघून जातात. उकडलेल्या सोयाबीनपेक्षा टोफू पोटाला हलका, तो यामुळेच.

दोन गोष्टी डॉक्टरांकडे बोलायच्या. टोफूत बी-१२ जीवनसत्त्व नसतं. मांस-अंडी सोडलेल्याने दूध-ताक घ्यावंच आणि अधूनमधून तपासून घ्यावं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर सोयाबीन ती नीट शोषू देत नाही, दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. ज्यांना सोयाबीनची अॅलर्जी आहे, त्यांनी अर्थातच टोफूच्या वाटेला जाऊ नये.

वहिनी आता शनिवारी रात्री दाणे भिजत घालते. रविवारी अर्धी वडी भुर्जीला जाते, अर्धी फ्रीझरमध्ये. पंचात उरलेला चोथा ती ज्वारीच्या पिठात कांदा-कोथिंबीर घालून मळते आणि थालीपिठं लावते. परवा मी गेले तर दादा स्वतः पोळपाटावर वडी ठेवून वर वरवंटा नीट बसवत होता. "किती वेळ?" त्याने विचारलं. मी म्हटलं, अर्धा तास. तो घड्याळ बघून शेजारीच पाट टाकून बसला.