गणिती विचार (प्राथमिक वर्ग)

गणिती विचार म्हणजे दिलेल्या माहितीतला संबंध ओळखणे, त्यावरून अंदाज बांधणे, तो तपासून पाहणे आणि ‘असे का?’ याचे कारण सांगता येणे. आकडेमोड हा त्याचा एक भाग, सगळा नव्हे. पहिली ते पाचवीच्या वर्गात हा फरक एका प्रश्नावरून कळतो. फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिले की बाकांवरून आवाज येतो, ‘‘बाई, बेरीज करायची की वजाबाकी?’’ बाईंनी क्रिया सांगितली की उरते फक्त हातचे घेणे. विचाराचे काम बाईंनी करून टाकलेले असते.

ही सवय काही ठाण्याची किंवा महाराष्ट्राचीच नाही. १९७९ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे लहान वर्गांतल्या ९७ मुलांना विचारले गेले : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवर काही ना काही क्रिया करून वय काढले. मुले बुद्धीने कमी नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, हे त्यांनी अनुभवाने ताडले होते. आपल्याकडे ‘एकूण’ दिसले की बेरीज आणि ‘उरले’ दिसले की वजाबाकी, अशी किल्लीच पाठ करून घेतली जाते. मग ‘रियाने १२ पेरू विकले, आता तिच्याकडे २० उरले, आधी किती होते?’ याचे उत्तर ८ येते. टोपलीत २० पेरू उरलेले असताना आधी मात्र ८ होते, यात काही खटकत नाही.

शाळेबाहेर तेच मूल वेगळे वागते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात आईवडिलांच्या गाडीवर बसणाऱ्या मुलाला ६० रुपये किलोची भाजी पाऊण किलो दिली तर किती, असे विचारावे. अर्ध्याचे तीस, पावाचे पंधरा, पंचेचाळीस. कागद लागत नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा असा अभ्यास झाला, तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांचे सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर आले, पण तसलीच गणिते कागदावर मांडून दिली तेव्हा सुमारे ३७ टक्केच. दहा नारळांची किंमत काढताना एका मुलाने आधी तीन नारळांची किंमत धरली, मग आणखी तीन, पुन्हा तीन, शेवटी एक. दहाने गुणताना शून्य जोडायचे, ही शाळेतली रीत त्याने वापरली नाही. मराठी शाळांतून जवळपास हद्दपार झालेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांच्या पाठांतरात हाच बाजारी व्यवहार होता. ते पाढे परत आणा, असे म्हणणे नाही. मात्र ‘पाऊण म्हणजे अर्धा आणि पाव’ ही त्यातली समज अपूर्णांकाच्या धड्यात क्वचितच वापरली जाते, आणि हे नुकसानच आहे.

उदाहरण परिसरातले असले की मुलांना त्यातली गोम दिसते. ठाणे–वाशी लोकलमार्गावर ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी अशी नऊ स्थानके आहेत. समजा, एका स्थानकाहून पुढच्याला जायला ४ मिनिटे लागतात, तर ठाण्याहून वाशीला किती? बहुतेकांचे उत्तर येते नऊ चोक छत्तीस. इथे शिक्षकाने ‘चूक’ म्हणण्याऐवजी आधी ठाणे ते दिघा गाव एवढाच प्रवास विचारावा. स्थानके दोन, टप्पा एक. मग ऐरोलीपर्यंत : स्थानके तीन, टप्पे दोन. वहीवर रेघ ओढून खुणा केल्या की कोणीतरी म्हणतेच, ‘‘स्थानके नाही, मधली अंतरे मोजायची!’’ उत्तर ३२ मिनिटे. दिघा गाव स्थानक २०२४ च्या जानेवारीत सुरू झाले; त्याआधी टप्पे किती होते, हा पुढचा प्रश्न मुलेच काढू शकतात. चित्र काढणे, आकडे लहान करून पाहणे, क्रम शोधणे या तिन्ही सवयी एका प्रवासात येतात.

भागाकारात बाकीचा अर्थ लावणे हीही अशीच जागा. २० मुलांना रिक्षाने दादोजी कोंडदेव स्टेडियमला न्यायचे आहे, एका रिक्षात तिघे. भागाकार ६, बाकी २. उत्तरात ‘६ रिक्षा, बाकी २’ असे लिहिणारा मुलगा दोघांना रस्त्यावर सोडून जातो, आणि त्याला पूर्ण गुणही मिळू शकतात.

जॉर्ज पोल्या या हंगेरियन वंशाच्या गणितज्ञाने १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे मांडले : प्रश्न समजून घेणे, बेत ठरवणे, तो पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. प्राथमिक वर्गात सगळा वेळ तिसऱ्यात जातो. चौथ्यासाठी मराठीत जुना, नेमका शब्द आहे : ताळा. ५२ मधून २७ वजा करताना ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन’ असे म्हणत ३५ लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात. त्यांना पुन्हा रीत समजावण्याआधी ३५ मध्ये २७ मिळवायला सांगावे. ६२ आले की पेन्सिल थांबते. चूक स्वतःला सापडली की ती टिकून राहत नाही. ताळ्यासाठी वेगळा तास लागत नाही, तरी सर्वांत आधी वगळला जातो तो ताळाच.

नवी मुंबईच्या वर्गांत भाषेचा पदर यात मिसळतो. तुर्भे, दिघा, रबाळे भागांत कामासाठी आलेल्या अनेक प्रांतांतल्या कुटुंबांची मुले एकत्र शिकतात. मराठीत ‘बावीस’मध्ये दोन आधी ऐकू येतात, वीस नंतर, लिहिताना क्रम उलटा. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ऐवजी ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे मांडले. चर्चा मात्र जास्त करून विनोदांची झाली. ५२ ला ‘पन्नास दोन’ म्हणणाऱ्या मुलाला दशक-सुटे वेगळे शिकवावे लागत नाहीत, एवढे तरी मान्य व्हायला हवे होते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाच्या विचारांचे गणितीकरण, म्हणजे त्याला गणिती पद्धतीने विचार करता येणे, हे गणित शिकवण्याचे मुख्य उद्दिष्ट मानले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञान अपेक्षित आहे. वाशीच्या खाडीपुलापलीकडे मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान-गणित शिक्षणावर काम करते. पालकांचा ओढा मात्र वेगाकडे. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत ॲबॅकसचे वर्ग जोरात चालतात; त्याने आकडेमोड झपाट्याने होते, पेरूंचे उदाहरण सुटेलच असे नाही.

गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यात झाले आणि नोकरी नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तराची. त्यांचा ६१७४ चा शोध चौथी-पाचवीच्या वर्गाला सहज पेलतो. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ठाण्याला पहिली आगगाडी आली ते साल १८५३ घेतले तर ८५३१ − १३५८ = ७१७३, मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. पुढे कितीही केले तरी ६१७४ च. हातच्याच्या वजाबाकीचा एवढा सराव मुले कुरकुर न करता करतात, कारण प्रत्येकाला आपली संख्या तिथे पोहोचते का, हे पाहायचे असते. ‘चारही अंक सारखे नकोत’ ही अट आधी सांगू नये. कोणीतरी ११११ घेतेच, आणि पहिल्याच वजाबाकीला शून्य आल्यावर ती अट वर्गच घालतो.