सगळ्यांचे सारखे टीशर्ट : ही पद्धत आली कुठून

मे महिन्यात आम्ही १९ जण वेळणेश्वरला चाललोय, कुलदैवताला, आणि सगळ्यांचे टीशर्ट घरीच करायचं ठरलंय. साधे पांढरे कॉटनचे आणायचे, स्टेन्सिल कापायची आणि स्पंजने रंग लावायचा. फॅमिली ग्रुपवर हे टाकलं तर आत्याने लगेच लिहिलं, यात नवीन काय रे, आम्ही सगळी भावंडं दिवाळीला एकाच ताग्यातली असायचो. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, कारण तिचं बरोबर आहे, फक्त टीशर्ट आला दुसऱ्या वाटेने.

ताग्याची गोष्ट ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. दिवाळीच्या आधी आजोबा एक अख्खा तागा आणायचे, शिंपी घरी येऊन सगळ्यांची मापं घ्यायचा, तीही वाढती, मुलांचे शर्ट, मुलींचे फ्रॉक, आणि उरलेल्यात उशीचे अभ्रे आणि पिशव्या. तेव्हा सारखं दिसायची हौस कुणाला नव्हती हो, एकदम घेतलं की स्वस्त पडायचं आणि कापडही वाया जायचं नाही. आणि कापड तेव्हा सहज मिळणारी वस्तू नव्हतीच, दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली सरकारने कापडावर कंट्रोल आणला आणि रेशनवर कापड घेतल्याच्या आठवणी त्या पिढीकडे अजून आहेत. नंतर रेडिमेड कपडे आले, मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यात अडीच लाखाच्या आसपास कामगार उतरले आणि कितीतरी गिरण्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. शिंप्याचं घरी येणंही थांबलं.

टीशर्ट म्हणजे मुळात गंजी. अमेरिकेच्या नौदलात १९१३ च्या सुमारास शर्टाच्या आत घालायला पांढरा सुती गंजी द्यायला लागले, तो हळूहळू बाहेर आला. त्यावर अक्षरं छापून आम्ही सगळे एक हे सांगायची सवयसुद्धा बरीचशी सैन्यातून आणि कॉलेजांमधूनच आली, १९४२ च्या जुलैमधल्या ‘लाइफ’ मासिकाच्या एका अंकाच्या कव्हरवर एका जवानाचा फोटो आहे आणि त्याच्या टीशर्टवर त्याच्या गनरी स्कूलचं, म्हणजे बंदुका चालवायला शिकवणाऱ्या शाळेचं, नाव छापलंय. ज्या स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, असं छापतात त्याचं एक पेटंट सॅम्युअल सायमन या इंग्रज माणसाने १९०७ मध्ये घेतलं होतं, तेव्हा ती स्क्रीन रेशमाची असायची.

पण टीशर्टवर कुटुंबाचं नाव घालून सगळ्यांनी एकत्र यायचं, ही रीत सगळ्यात मनापासून जपली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी, आणि हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. साधारण १९१० ते १९७० या काळात जवळपास ६० लाख लोक दक्षिणेतली राज्यं सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कसारख्या शहरांत गेले, कामासाठी आणि वंशभेदाच्या जाचातून सुटण्यासाठी. एकेका घराचे चार शहरांत चार तुकडे झाले. मग उन्हाळ्यात सगळ्यांनी जमायचं, बऱ्याचदा मूळ गावीच. जानेवारी १९७७ मध्ये ॲलेक्स हेली यांच्या, स्वतःच्या पूर्वजांची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकावरची ‘रूट्स’ मालिका टीव्हीवर आली आणि आपले पूर्वज शोधायची ओढ एकदम वाढली, कुटुंबांची अशी संमेलनं, म्हणजे रियुनियनही, वाढली. त्या टीशर्टवर बहुतेक वेळा आडनाव, वर्ष आणि गाव असतं, कधीकधी मागे अख्खा वंशवृक्ष, कारण जमलेल्यातले कितीतरी जण एकमेकांना पहिल्यांदाच भेटत असतात आणि टीशर्ट बघूनच कळतं की हा आपला. आपल्याकडे कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी यायचाच, त्यामुळे हे वाचताना मला काही परकं वाटलं नाही.

आपल्याकडे छापील टीशर्ट घरोघरी आले ते मंडळांमुळे, ढोलपथकांमुळे आणि ट्रेकच्या ग्रुपमुळे. कोरा माल बराचसा तमिळनाडूतल्या तिरुपूरचा, आणि छापणारे तेच गल्लीतले स्क्रीन प्रिंटिंगवाले जे लग्नपत्रिका छापायचे. आता बरेच ग्रुपचे टीशर्ट पॉलिस्टरचे असतात आणि उन्हात नुसते चिकटतात, त्याचं कारण सब्लिमेशन प्रिंट. त्यात शाई उष्णतेने वाफ होऊन धाग्यात शिरते, आणि ती पॉलिस्टरमध्येच टिकते, सुती कापडावर धरत नाही. मे महिन्यात कोकणात पॉलिस्टर घालून फिरायचं नाही हे आमचं पहिल्याच दिवशी ठरलं.

घरच्या घरी करायचं तर मग इस्त्रीचा ट्रान्सफर कागद आहे (अक्षरं आरशातल्यासारखी उलटी प्रिंट करायची, हे विसरलं की टीशर्ट गेला), टाय-डाय आहे. टाय-डायसाठी घरी जे गार पाण्यात लागणारे रंग वापरतात ते १९५६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने बाजारात आणले, त्याआधी सुती कापडावर इतका भडक आणि पक्का रंग घरी आणणं अवघडच होतं. कापड बांधून रंगवायची कला मात्र आपली फार जुनी, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत तसल्या ठिपक्यांची वस्त्रं दिसतात.

आम्ही शेवटी स्टेन्सिलवर आलो, कारण त्यात सात वर्षांच्या पोरापासून आत्यापर्यंत सगळ्यांचा हात लागतो. आजीच्या गोधडीत त्या दिवाळीच्या ताग्याचे निळ्या चौकड्याचे तुकडे अजून आहेत, विरलेत पण रंग कळतो. तोच चौकडा खिशाच्या जागी छापायचा आणि खाली वेळणेश्वर. परवा एक ट्रायल केला, एक दिवस वाळवला, उलट्या बाजूने इस्त्री फिरवली आणि दोनदा धुतला, रंग गेला नाही. निळा अजून थोडा गडद हवा असं आत्या म्हणतेय, तर रविवारी परत बसणार आहोत.