‘मारानाथा’ : येण्याची हाक आणि येण्याचा हिशेब

ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आस ज्या शब्दात अगदी आरंभीच्या काळात नोंदलेली सापडते, तो शब्द ग्रीक नाही, अरामी आहे. इ.स. 54-55च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या शेवटी (16:22) ‘मारानाथा’ येतो. पत्र ग्रीक, ऐकणारे ग्रीकभाषी, तरी शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. ‘आमेन’सारखाच तो तोवर उपासनेत रुळलेला असणार.

घोळ आहे तो शब्द कुठे तोडायचा याचा. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत. ‘आमचा प्रभू’ यासाठी अरामीत ‘मारान’ आणि ‘माराना’ अशी दोन्ही रूपे आहेत. ‘मारान अथा’ तोडले तर ‘आमचा प्रभू आला आहे’. ‘माराना था’ तोडले तर ‘हे आमच्या प्रभू, ये’. एक स्वर इकडचा तिकडे गेला की होऊन गेलेली गोष्ट विनवणी होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस एका नामवंत ग्रीक उपदेशकाने पहिला अर्थ घेतला होता. पुढे आणखी एक गोंधळ झाला. त्याच वचनात आधी ‘अनाथेमा’, म्हणजे शापित, हा शब्द आहे. 1611च्या इंग्रजी भाषांतरात दोन्ही शब्द मध्ये विरामचिन्ह न घालता लागोपाठ छापले गेले आणि पिढ्यान्पिढ्या वाचकांनी ‘मारानाथा’ हा जास्त कडक शाप समजला. प्रार्थनेची इतकी उलटापालट क्वचितच झाली असेल.

निव्वळ व्याकरणाने निकाल लागत नाही. साक्ष बाहेरून आणावी लागते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, शेवटी (22:20) तीच विनवणी ग्रीकमध्ये आहे, आणि तिथे क्रियापद उघड आज्ञार्थी आहे. दुसरी साक्ष ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती नियमावलीची. तिचे हस्तलिखित 1873 साली सापडले, 1883 साली छापले गेले. त्याआधीच्या अभ्यासकांपुढे ते नव्हतेच. तिच्या दहाव्या अध्यायात भोजनानंतरची प्रार्थना आहे. तिचा क्रम असा : कृपा येवो, हे जग सरो, दाविदाच्या देवाला होसान्ना, जो पवित्र आहे त्याने यावे, नसेल त्याने पश्चात्ताप करावा, मारानाथा, आमेन. ‘हे जग सरो’ म्हणणारी माणसे दोन ओळींनी ‘प्रभू आला आहे’ अशी नोंद कशाला करतील? आजच्या ग्रीक आवृत्त्या बहुधा ‘माराना था’ छापतात, ते योग्यच.

येणे लांबत गेले तशी भाषाही बदलली. थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल प्रभूच्या येण्यापर्यंत ‘आपण जे जिवंत राहू’ म्हणतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा असल्याची समजूत घालावी लागते. 381च्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत, तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल असे आहे. कधी, ते नाही. पाचव्या शतकापासून पश्चिमेत प्रकटीकरणातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षे म्हणजे मंडळीचाच काळ, हा अर्थ स्थिरावला.

हिशेबाचे सर्वांत गाजलेले प्रकरण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचे. आधार दानिएल 8:14 : 2300 ‘संध्याकाळ-सकाळ’, मग पवित्रस्थान शुद्ध होईल. पायऱ्या तीन. गणना 14:34 व यहेज्केल 4:6 धरून एक दिवस म्हणजे एक वर्ष. सुरुवात इ.स.पू. 457, यरुशलेमाविषयीच्या पर्शियन राजाज्ञेचे वर्ष. आणि पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, शुद्धी म्हणजे पुनरागमनाचा अग्नी. 2300मधून 457 वजा केले की 1843. पण इ.स.पू. 1नंतर थेट इ.स. 1 येते, शून्य वर्ष नाही, म्हणून 1844. आधी 1843 धरून ठरवलेली मार्च 1843 ते मार्च 1844 ही मुदत कोरडी गेली. मग यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याचा दहावा, नेमका धरला. रब्बींच्या पंचांगाने तो 23 सप्टेंबरला पडत होता. रब्बींची परंपरा न मानणाऱ्या कराईट या यहुदी पंथाची महिनाभर उशिराची गणना घेऊन 22 ऑक्टोबर 1844 ठरला. काहींनी शेतातले पीक काढलेच नाही. तो दिवस ‘महानिराशा’ म्हणून नोंदला गेला.

वजाबाकी चुकली नव्हती. चूक दोन्ही टोकांना होती : आरंभाचे वर्ष निवडलेले आणि ‘पवित्रस्थान’ या शब्दाचा अर्थ गृहीत धरलेला. एका गटाने तारीख तशीच ठेवून पवित्रस्थान स्वर्गातले मानले. त्यातूनच 1863 साली एक पंथ रीतसर संघटित झाला. तारीख न सांगणारा, पण विश्वासणारे आधी वर उचलले जातील असे मानणारा प्रवाह 1830च्या दशकात ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि 1909च्या टीपांसहित बायबलमुळे दूरवर पोहोचला.

उपासनेत मात्र तारखेविना वाट पाहणे टिकले. 1969नंतरच्या रोमन मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, अर्पणविधीच्या मध्यावर लोक त्याच्या येण्याचा उद्घोष करतात. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो, आणि 16 डिसेंबरपर्यंत भर पुनरागमनावर असतो. जन्माकडे वळणे 17 तारखेपासून. बाहेर सजावट आधीच लागलेली असल्याने हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. त्या पहिल्या रविवारी वर्षाच्या चक्रानुसार मत्तय 24, मार्क 13 किंवा लूक 21 वाचतात; गव्हाणी आणि मेंढपाळ त्यात कुठेच नसतात.