डर्ट बाइकचा एअर फिल्टर: धूळ पकडणारं तेल

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण 11 किलो हवा लागते. पेट्रोलच्या वजनाच्या 14.7 पट हवा असं ते प्रमाण आहे, आणि लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं. 11 किलो हवा म्हणजे जवळपास 9,000 लिटर. 250 सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मिनिटाला 10,000 फेरे घेत असेल, तर ते दर मिनिटाला बाराशे लिटरच्या घरात हवा ओढतं. कच्च्या, मातीच्या वाटांवर चालवायच्या डर्ट बाइकला ही हवा मिळते ती पुढच्या गाडीच्या चाकाने उधळलेल्या मातीतून.

ती माती लवकर खाली बसत नाही. 10 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा वाळूचा कण शांत हवेत सेकंदाला जेमतेम 8 मिलिमीटर खाली येतो. माणसाच्या उंचीवरून जमिनीवर पोचायला त्याला साडेतीन मिनिटं लागतात. 5 मायक्रॉनच्या कणाला त्याच्या चौपट वेळ लागतो. पुढची गाडी नजरेआड झाली तरी तिची धूळ आपल्या इंजिनाच्या वाटेवर तरंगत असते.

या धुळीत क्वार्ट्झ भरपूर असतं. मोह्सच्या काठिण्यमापनात त्याचा आकडा 7 आहे. साध्या पोलादाहून ते कठीण आहे, पिस्टनच्या ॲल्युमिनियमहून तर कितीतरी. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर असतो, तो काही मायक्रॉन जाडीचा. त्याहून खूप बारीक कण तेलाबरोबर निघून जातात. जे कण थराएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असतात, ते दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी टेकतात आणि घासत जातात. साध्या डोळ्यांना सुटा कण दिसतो तो साधारण 50 मायक्रॉनच्या पुढे, त्यामुळे सर्वांत घातक धूळ आपल्याला दिसतच नाही.

अनेक डर्ट बाइकच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. तो क्वार्ट्झपुढे बराच टिकतो, पण झीज मग रिंगा आणि पिस्टनच्या वाट्याला येते. हवा आत घेणाऱ्या, टायटॅनियमच्या इनटेक व्हॉल्व्हचं दुखणं वेगळं. त्यांच्यावरचा कठीण थर अतिशय पातळ असतो. धुळीने तो एकदा घासला गेला की व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू खोल रुतत जातो, क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, कमी होतो आणि गाडी स्टार्ट व्हायला त्रास देऊ लागते. फिल्टरकडे झालेलं दुर्लक्ष असं महिन्यांनी समोर येतं, आणि तेव्हा थेट इंजिन उघडावं लागतं.

आता फिल्टरकडे वळू. डर्ट बाइकमध्ये बहुधा पॉलियुरेथेनच्या फोमचा फिल्टर असतो, अनेकदा दुहेरी: बाहेर भरड, आत बारीक. त्याची छिद्रं ज्या धुळीला अडवायचं तिच्यापेक्षा कितीतरी मोठी असतात. तो चाळणीसारखा काम करत असता तर आपला 10 मायक्रॉनचा कण सहज पार गेला असता. फोमच्या आत हवेला सतत वळणं घ्यावी लागतात. हवा हलकी, ती वळते. कण जड, तो सरळ जातो आणि फोमच्या तंतूवर आदळतो. तंतू कोरडा असेल तर कण उसळून पुन्हा प्रवाहात जातो. तंतूवर चिकट तेल असेल तर तिथेच रुततो. म्हणून तेल न लावलेला कोरा फोम कितीही स्वच्छ दिसला, तरी तो इंजिनाचं रक्षण फारसं करत नाही.

तेलाचं काम एवढ्यावर थांबत नाही, आणि मला या साऱ्यात हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. अडकलेल्या कणांच्या फटींत तेल केशाकर्षणाने चढतं. धुळीचा थर स्वतःच ओला होतो आणि पुढची धूळ पकडू लागतो. हे चालतं ते तेल शिल्लक असेपर्यंत. म्हणूनच फोमच्या बाहेरच्या अंगाला कोरडी, फिकट धूळ दिसू लागली की तेल संपत आलं असं समजावं. मग किती तास गाडी चालली हा हिशेब दुय्यम. धुळीच्या वाटेवर गर्दीत चालवली असेल तर एका दिवसातही ही वेळ येते.

धुताना क्रम महत्त्वाचा. फिल्टर काढला की आधी इनटेकचं तोंड स्वच्छ कापडाने किंवा झाकणाने बंद करावं आणि मग एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर बसतो तो डबा, पुसावा. फिल्टरचं तेल पाण्याला दाद देत नाही, म्हणून प्रथम फिल्टर क्लीनर, नंतर साबणाचं कोमट पाणी. पेट्रोलने धुण्याची सवय मात्र सोडाच. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, शिवाय पेट्रोलने फोम फुगतो आणि त्याच्या जोडांचा गोंद सुटतो. पाणी आतून बाहेर सोडावं, म्हणजे घाण स्वच्छ बाजूकडे जात नाही. फोम तळव्यांत दाबावा, पिळू नये. पिळल्याने बारीक तंतू तुटतात. मग सावलीत पूर्ण वाळू द्यावा, कारण ओल राहिली तर तिथे तेल नीट पसरत नाही.

तेल खास फिल्टरचंच हवं. इंजिन ऑइल हळूहळू खाली ओघळतं आणि वरचा भाग कोरडा पडतो. फिल्टरच्या तेलात लांब साखळ्यांचे पॉलिमर असतात, ते तेलाला धरून ठेवतात. बाटलीतून ओतताना ते पातळ वाटतं ते त्यातल्या द्रावकामुळे. द्रावक उडून गेला की तेल चिकट होतं, म्हणून लावल्या लावल्या गाडी सुरू करू नये. रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत तेल फोममध्ये मुरवावं आणि जास्तीचं दाबून काढावं. तेल फार झालं तर हवेची वाट अडते.

फोम दाबून सोडल्यावर पूर्ववत होत नसेल, हाताला त्याचा चुरा लागत असेल किंवा जोड उसवला असेल, तर धुणं थांबवून नवा आणावा. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांतले रासायनिक बंध ओलाव्याने तुटतात, त्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेला न वापरलेला फिल्टरही बसवण्याआधी दाबून पाहावा.

बसवताना सगळं लक्ष कडेवर हवं. हवा कमी विरोधाची वाट धरते आणि मिलिमीटरभर फटीत फोमइतका विरोध कुठला असणार! कडेला ग्रीसचा पातळ थर द्यावा, फिल्टर बैठकीवर सगळीकडून टेकला आहे ना हे बोटाने चाचपावं. फिल्टरच्या पलीकडे, इनटेकच्या रबरी नळीत आतून थोडं पांढरं ग्रीस लावून ठेवलं तर पुढच्या वेळी फिल्टर काढताना ते बोटावर घेऊन चोळता येतं. बोटाला खरखर लागली, तर बहुतेक वेळा धूळ कडेच्या फटीतून किंवा सैल क्लँपमधून आलेली असते. आधी त्या जागा तपासाव्यात.