रद्दी पुठ्ठ्याची आयात : अमेरिका ते नाशिक

अमेरिकेत वापरून झालेली कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याची) खोकी गोळा करून, दाबून त्यांचे गठ्ठे बांधायचे आणि ते भारतातल्या क्राफ्ट कागदाच्या (खोक्यांसाठीच्या मजबूत तपकिरी कागदाच्या) गिरण्यांना विकायचे, असा हा व्यापार. धंद्यात या मालाला ‘ओसीसी’ म्हणतात. सीमाशुल्क वर्गीकरणात रद्दी कागद व पुठ्ठा शीर्षक ४७०७ खाली येतो, तर तयार खोकी ४८१९ खाली. नाशिकशी संबंध येतो तो या शेवटच्या टप्प्यावर. सातपूर, अंबड आणि सिन्नरचे खोके कारखाने वापीसारख्या ठिकाणच्या गिरण्यांतून क्राफ्टचे रोल घेतात, आणि दिंडोरी-निफाडची निर्यातीची द्राक्षे त्याच कागदाच्या खोक्यांत भरली जातात.

भारतात रद्दी कमी नाही, मग ती समुद्रापलीकडून कशाला आणायची? कारण आहे धाग्याची लांबी. अमेरिकी खोक्यांत पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचा सुमारे तीन मिलिमीटर लांबीचा धागा बराच असतो. आपल्याकडची रद्दी अनेकदा पल्परमधून (रद्दीचा पुन्हा लगदा करणाऱ्या यंत्रातून) फिरलेली असते, तिच्यात उसाच्या चिपाडाचा आखूड धागाही मिसळलेला असतो. पाच-सात फेऱ्यांनंतर धागा तुटतो, ताठरतो आणि एकमेकांना नीट धरत नाही. हे कागदाच्या ‘बीएफ’मध्ये (बर्स्ट फॅक्टर) लगेच दिसते. कागद फुटतो तो दाब (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) गुणिले हजार, भागिले जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन), म्हणजे बीएफ. १५० जीएसएमचा २२ बीएफ कागद ३.३ किलोला फुटला पाहिजे. निव्वळ देशी रद्दीवर हा आकडा सातत्याने राखणे अवघड जाते, म्हणून गिरण्या तिच्यात ओसीसी मिसळतात. चीनने १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयात पूर्ण बंद केल्यावर या मालाला भारताचे गिऱ्हाईक अधिक महत्त्वाचे झाले.

सौदा वजनावर होतो, आणि खरी भांडणे तिथेच लागतात. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २५ टन माल बसतो. अमेरिकी मानकांनुसार १२ टक्क्यांपर्यंतची ओल गृहीत धरली जाते, त्यापुढे कपात मागता येते. ओल १८ टक्के निघाली तर २५ टनांत कोरडा धागा २०.५ टनच असतो. १२ टक्क्यांच्या हिशेबाने तो माल २३.३ टन भरतो, म्हणजे १.७ टन पाण्याचे पैसे मोजले गेले. दावा टिकवायचा तर कंटेनर उघडतानाच सीलचा क्रमांक दिसेल असे फोटो, वजनकाट्याची पावती आणि गठ्ठ्यांच्या आतून घेतलेली ओलीची मोजमापे हवीत. गठ्ठ्याच्या बाहेरच्या थराला मीटर लावून काही सिद्ध होत नाही, कारण प्रवासात तो थर वाळलेला असतो.

ओलीपेक्षा घाण जास्त महाग पडते. या दर्जाच्या मालात प्लास्टिक, काच, धातू यांसारख्या निषिद्ध वस्तू एक टक्क्याच्या आत असाव्या लागतात. घरगुती कचरा मिसळलेला निघाला, तर २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांनुसार आयात बेकायदा ठरू शकते आणि माल आल्यापासून ९० दिवसांत आयातदाराला तो स्वखर्चाने परत पाठवावा लागतो. तोवर बंदराचे डिमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) आणि जहाज कंपनीचे डिटेंशन (कंटेनर अडकवल्याचा आकार) अशी दोन वेगळी बिले चढत राहतात. म्हणून माल चढवण्यापूर्वीच्या तपासणीचा दाखला निव्वळ कागदोपत्री सोपस्कार मानू नये.

वेळेचे गणित द्राक्षांवरून उलटे मांडायचे. निर्यातीचा जोर जानेवारी ते एप्रिल. समुद्रप्रवासाला महिना-दीड महिना, आफ्रिकेला वळसा पडला तर आणखी दहा-पंधरा दिवस. त्यानंतर न्हावा शेव्याला सोडवणूक, गिरणी, मग खोके. जानेवारीच्या खोक्यांसाठी रद्दी ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतून निघालेली बरी. उशीर झाला की कारखाने मिळेल तो कागद उचलतात आणि कमी बीएफ झाकण्यासाठी जीएसएम वाढवतात. खोके जड होते, मजबूत होतेच असे नाही.

कसोटी लागते शीतगृहात. अर्धा-अर्धा किलोचे दहा पनेट (द्राक्षांचे छोटे डबे) भरलेले खोके शून्य अंशाच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत आठवडेच्या आठवडे थप्पीत उभे राहते. पुठ्ठा ओल ओढतो आणि त्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. स्टार्चचा गोंद कच्चा असेल तर पदर सुटतात. थप्पीचा बराचसा भार खोक्याचे चार कोपरे घेतात, त्यामुळे खोकी जराशी सरकवून रचली तरी तळाचा थर आधी बसतो. बाहेरच्या कागदाचा कॉब, म्हणजे पाणी शोषण्याचे मोजमाप, ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा. एकट्या बीएफवर विसंबून घेतलेली खोकी पॅकहाउसमध्ये छान दिसतात आणि रॉटरडॅमला पिचलेली पोहोचतात. उलट जानेवारीतल्या नाशिकच्या कोरड्या हवेत कागद फार सुकला तर घडीवर तडे जातात, हे दुखणे वेगळे. (कांद्याला यातले काहीच लागत नाही, तो गोणीत जातो.)

काही निर्यातदार रद्दीच्या कागदाऐवजी ताज्या लगद्याचा आयात क्राफ्टलायनर (खोक्याच्या बाहेरच्या थराचा कागद) मागतात. तो शीर्षक ४८०४ चा. त्यासाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून कागद आयात देखरेख प्रणालीत नोंदणी लागते : माल पोहोचण्याच्या अपेक्षित तारखेआधी ७५ ते ५ दिवसांच्या दरम्यान, शुल्क ५०० रुपये. चलनी नोटांचा आणि सुरक्षा छपाईचा कागद यातून वगळलेला आहे, त्यामुळे नाशिकरोडच्या मुद्रणालयांच्या कामाशी या नोंदणीचा संबंध येत नाही.